कुबलने घातलेली घडी

एअरफोर्समधून रिटायर झालं की पेन्शन सुरू होते आणि तोंडही सुरू होतं. पेन्शन महिनाअखेरीस संपते, किस्से संपत नाहीत. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतो. काळाचौकीला आमच्या चाळीखालच्या बाकड्यावर आम्ही तिघं बसतो. मी इंजिनवाला, पेडणेकर टायर-ब्रेकवाला आणि कुबल पॅराशूटवाला. तिघांचेही बाप गिरणीत होते. पायलट लोकांचे फोटो पेपरात येतात, यायलाच पाहिजेत, वाघ होते एकेक! पण त्या वाघांना आभाळात पाठवणारे हात लालबाग-काळाचौकीचे होते, हे मी छाती ठोकून सांगतो. ऐकायला कुणी नसलं तरी सांगतो.

*

मिग-२१ म्हणजे काय चीज होती! लांबून बघितलं तर नुसतं नळकांडं आणि त्याला चिकटवलेले दोन पंख. पण उतरताना असल्या स्पीडने यायचं की खाली उभ्या माणसाचा श्वास अडकायचा. आमचे गिलसाहेब तेच विमान स्कूटर चालवल्यासारखं चालवायचे. एके सकाळी टेक-ऑफनंतर इंजिनात पक्षी शिरला आणि साहेबांना सीटसकट बाहेर पडावं लागलं. पॅराशूट उघडलं. त्याची घडी कुबलने घातली होती.

साहेब वाचले. अख्ख्या एअरफोर्स स्टेशनने कुबलला खांद्यावर घेतलं. आमच्यात रिवाज आहे, वाचलेला पायलट स्वतः सेक्शनमध्ये येतो आणि ज्याने पॅराशूटची घडी घातली त्याच्या हातात बाटली ठेवतो. कुबलने वाट बघितली, साहेब आलेच नाहीत. त्यांना स्ट्रेचरवरून मोठ्या हॉस्पिटलला हलवलं तेव्हा कुबलला ब्लँकेटबाहेर आलेले पाय तेवढे दिसले होते. ते हलत नव्हते. पुढे कुणी म्हणालं बरे झाले, कुणी म्हणालं व्हीलचेअरवर आहेत. मग आमच्या बदल्या झाल्या आणि खबर मिळायचीच बंद झाली.

कुबलने डोक्यात घेतलं की घडीत काहीतरी राहिलं, पॅराशूट झटक्याने उघडलं आणि साहेबांची कंबर गेली. अरे बाबा, झटका सीटचा असतो, तुझ्या घडीचा नाही, हे सांगून आमची तोंडं दुखली. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी विचारायचा, "पण ते चालतात का?"

*

तेव्हापासून हा माणूस घडीच्या बाबतीत जास्तच कडक झाला. वहिनी अजून कुरकुरतात, "ह्या माणसान माका माझ्या साडयेची घडी घालूक दिल्यान नाय."

एका वर्षी विसर्जनानंतर मंडळाचे कार्यकर्ते मंडपाचं कापड बोळे करून टेम्पोत फेकत होते. कुबल वरून बघत होता. तो तडक खाली आला आणि सगळं कापड परत रस्त्यावर पसरायला लावलं. ट्रॅफिक तुंबला. हवालदार आला, त्याच्याही हातात कुबलने एक टोक दिलं. शेवटी अध्यक्षाने हात जोडले आणि म्हणाला, काका, हे कापड घेऊन कोण विमानातून उडी मारणार आहे?

कुबल म्हणाला, "तुला काय माहीत?"

आजही आमच्या मंडळाच्या मंडपाला एक चुणी पडत नाही. बाकीच्या मंडळांनी येऊन बघून जावं.

*

पेडणेकरचं वेगळंच. त्याच्या लेकाने आम्हा तिघांना गोव्याची विमानाची तिकिटं काढून दिली. बसमधून उतरून सगळे पॅसेंजर शिडीकडे गेले, पेडणेकर गेला चाकाकडे. खाली वाकून टायर चाचपायला लागला. चाळीस वर्षांची सवय, दुसरं काय! सिक्युरिटीवाले धावले. गोंधळ ऐकून कॅप्टन खाली उतरली. पोरगी आमच्या गिरगावची निघाली. तिने विचारलं, काका, कुठल्या विमानावर होता? पेडणेकर ताठ उभा राहिला आणि म्हणाला, मिग-एकवीस.

तिने सिक्युरिटीला बाजूला केलं. "मग नीट बघा. तुम्ही ओके म्हटल्याशिवाय मी जाणार नाही."

पेडणेकरने पुन्हा चक्कर मारली, अंगठा वर केला, तेव्हा विमान हललं. कुबलने जाता जाता तिला विचारून घेतलंच, कुणी गिलसाहेब माहीत आहेत का म्हणून. तिला माहीत नव्हते.

*

आता आमचे परबसाहेब. स्क्वाड्रनमध्ये आले तेव्हा इंग्लिश असं झाडायचे की आम्हाला वाटलं, हे बंगल्यात वाढलेलं प्रकरण आहे. मिगवर पायलट पहिल्यांदा एकटा उडून आला की त्याला बादल्यांनी आंघोळ घालायची पद्धत. पंजाबातला जानेवारी, पाण्यावर बर्फाची साय. साहेब उतरले, शिडीवरून खाली आले आणि मी स्वतः पहिली बादली ओतली.

"आयला, मेलो!"

मी बादली खाली ठेवली आणि विचारलं, साहेब, गाव कुठलं? दातावर दात आपटत साहेब म्हणाले, "भोईवाडा, परळ."

त्या दिवशी त्यांना पुढच्या बादल्या गरम पाण्याच्या मिळाल्या. आपला माणूस म्हटल्यावर एवढं करावंच लागतं. आता ते दादरला असतात आणि मसाला दळायला लालबागलाच येतात.

*

मिग-२१ एअरफोर्समधून निवृत्त झालं त्या दिवशी आम्ही तिघं कुबलच्या घरी टीव्हीसमोर बसलो होतो. पेडणेकर रडला, मीही रडलो, उगाच खोटं कशाला सांगू! कुबल मात्र म्हणाला की विमान गेलं, आता आपणही जाऊ, ते एक कळायचं राहिलंच.

माझ्याने राहवेना. मी परबसाहेबांना फोन लावला, काहीही करा, गिलसाहेबांना शोधा. पंधरवड्याने त्यांचा फोन आला की गिल सापडलाय, रविवारी त्याला घेऊन येतोय. मी विचारलं, चालतात का? तर लाइन कट.

रविवारी कुबलने सकाळीच दाढी केली. आमच्या चाळीला लिफ्ट नाही आणि कुबल तिसऱ्या मजल्यावर. त्याने खाली एक भक्कम खुर्ची ठेवायला लावली आणि साहेबांना उचलून आणायला मंडळाचे चार दणकट कार्यकर्ते उभे केले. स्वतः मात्र खाली यायला तयार होईना. जिन्याच्या वरच्या टोकाला कठडा धरून उभा राहिला.

टॅक्सी थांबली. परबसाहेब उतरले, मागून गिलसाहेब उतरले. दाढी पांढरी झालेली, पण अंगकाठी तीच. खुर्चीकडे बघून त्यांनी विचारलं, ही कुणासाठी? कार्यकर्ते एकमेकांकडे बघायला लागले. साहेब जिना चढायला लागले. मी मागोमाग.

तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दोघांनाही धाप लागली होती. साहेबांनी पिशवीतून बाटली काढून कुबलपुढे धरली.

"कुबल, तुम्हारी अमानत. बहुत लेट हो गया."

कुबलने बाटलीकडे बघितलं नाही. साहेबांच्या तोंडाकडेही नाही. तो खाली मान घालून त्यांच्या बुटांकडे बघत होता. मग म्हणाला, "साहब, एक बार नीचे जाके फिर ऊपर आओगे?"

मी म्हटलं, अरे, सत्तरीचा माणूस तो, वेड लागलं का तुला!

गिलसाहेब कुबलकडे बघत राहिले. मग त्यांनी बाटली माझ्या हातात दिली, रेडिओवर हुकूम घेतल्यासारखं "रॉजर" म्हणाले आणि कठड्याला हात न लावता खाली उतरायला लागले.