पांढऱ्याची पारख

पुस्तकांच्या त्या दुकानात तळमजल्यावर कादंबऱ्या, शाळेची पुस्तकं, नकाशे असं सगळं मिळायचं. लाकडी जिना चढून वर गेलं की मात्र फक्त फोटोंची आणि चित्रांची पुस्तकं होती, आणि मावशी होत्या. सख्खं भाचरू त्यांना एकही नव्हतं, तरी दुकानात येणाऱ्या सगळ्यांच्या त्या मावशीच. पंचवीसेक वर्षं त्या वरच्या मजल्यावर बसत होत्या. जिन्यासमोर काचेचं एक उभं कपाट होतं. विकत घेऊन जन्मभर जपावीत असं त्यांना वाटायचं ती मोजकी पुस्तकं त्यात असायची. मालकही त्याला ‘मावशींचं कपाट’ म्हणायचे आणि त्याला हात लावायचे नाहीत.

त्या कपाटात मोठ्या नावांची गर्दी नव्हती. आयुष्यभर आपल्या स्वयंपाकघराची खिडकीच रंगवत बसलेल्या एका चित्रकाराचं पुस्तक होतं. गोदीतल्या कामगारांचे जेवणाच्या सुट्टीतले फोटो होते. नवा माणूस आला आणि त्याने विचारलं की संग्रहाला सुरुवात कुठून करू, तर मावशी त्याला आधी बसवायच्या.

“नाव बघून घेऊ नका,” त्या सांगायच्या. “मधूनच उघडा. पहिली पानं सगळेच नटवतात. टेबलावर पुस्तक सपाट उघडं राहतंय का बघा. दोन पानांवर पसरलेल्या फोटोतलं माणूस शिवणीत गिळलं गेलं असेल तर सरळ ठेवून द्या. मग काळा बघा. काळ्या कोटाच्या घड्या दिसल्या पाहिजेत, नुसतं डांबर ओतलेलं नको. आणि शेवटी पांढरा. आणि जे दुसऱ्यांदा उघडावंसं वाटेल तेच घरी न्या. एकदाच बघायचं असेल तर इथेच उभ्याने बघा, मी काही हाकलत नाही.”

लोक त्यांचं ऐकायचे. दातांचे एक डॉक्टर तर त्यांनी हो म्हटल्याशिवाय पुस्तकाला हात लावत नसत. मावशींच्या कपाटात पुस्तक लागलं म्हणजे ते चार जाणत्या लोकांच्या घरी पोचलं, असा हिशेब सगळे धरून होते. म्हणूनच ती मुलगी आपलं पहिलं पुस्तक घेऊन सगळ्यात आधी त्यांच्याकडे आली.

तिचे वडील एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होते. मुलीने दोन वर्षं तिथे जाऊन फोटो काढले होते: वाफेत बुडालेली माणसं, ढिगाने पडलेल्या चादरी, दोन बायका दोन टोकं धरून चादर झटकताहेत आणि मध्ये ती शिडासारखी फुगलीय. पुस्तक तिने स्वतःच छापून घेतलं होतं. नाव ठेवलं होतं ‘वाफ’.

मावशींनी ते मधूनच उघडलं. पान उलटलं, परत मागे आल्या, पुन्हा उलटलं.

“फोटो फार चांगले आहेत,” मावशी म्हणाल्या. “फारच. पण छपाईने घात केलाय गं.”

“म्हणजे?”

“चादरी बघ ना. पिवळ्या पडल्यात. चहा सांडून वाळल्यासारख्या.”

मुलीने पुस्तक आपल्याकडे ओढून पाहिलं. “मला पांढऱ्या दिसतायत.”

“तू रोज बघतेस. डोळ्यांना सवय होते.”

मुलीचा चेहरा पडला. पण मावशींच्या शब्दावर शंका घ्यावी असं तिला वाटलं नाही. आठवडाभराने ती परत आली ती सगळं ठरवूनच. घरी वडिलांशी वाद घालून, छापखान्याच्या मालकाशी कडाक्याचं भांडून तिने पुस्तक पुन्हा छापून द्यायचं कबूल करून घेतलं होतं. तिची एकच विनंती होती. “छपाईच्या दिवशी तुम्ही या. तुम्ही छापलेला पहिला ताव बघून हो म्हणा, मगच मशीन सुरू करू.”

मावशींनी आनंदाने होकार दिला.

त्यानंतरच्या दिवसांत त्यांना जाणवायला लागलं की पिवळेपण एकट्या ‘वाफ’चं नाही. आधी त्यांना वाटलं दमट हवेचा परिणाम. मग वाटलं दिव्याचा दोष. त्यांनी मालकांना सांगून वरच्या मजल्यावरचे दिवे बदलून घेतले. नुकत्याच आलेल्या समुद्राच्या फोटोंच्या पुस्तकाची नवी आवृत्ती त्यांना मळकट वाटली होती आणि दातांच्या डॉक्टरांना त्यांनी ती घेऊ नका म्हणून सांगितलं होतं. आता कपाटातली जुनी, ओळखीची पुस्तकंही तशीच दिसायला लागली. हल्लीचा कागदच टाकाऊ, असं त्या करवादल्या. पण ती पुस्तकं हल्लीची नव्हती.

छपाईच्या दोन दिवस आधी सकाळी धूळ झटकताना उजव्या डोळ्यात कचरा गेला. त्यांनी डोळा तळहाताने झाकला आणि सहज समोरच्या उघड्या पानाकडे पाहिलं. पान पांढरं होतं. अगदी शुभ्र नव्हे, पण पांढरं. हात काढून त्यांनी डावा डोळा झाकला. तेच पान चहाच्या रंगाचं झालं.

त्या स्टुलावर बसल्या. पुन्हा एक डोळा झाकला, पुन्हा दुसरा. खालून मालकांनी काहीतरी विचारलं, त्याला त्यांनी काय उत्तर दिलं हेही त्यांना कळलं नाही. कधीपासून? हा एकच प्रश्न डोक्यात घुमत होता. एक वर्ष? तीन वर्षं? कितीजणांना काय काय सांगितलं आपण?

त्या आणि त्यांची थोरली बहीण दोघीच एका घरात राहायच्या. ताई नर्स म्हणून निवृत्त झाली होती आणि घरातही तिचा अंमल वॉर्डासारखाच चालायचा. त्या संध्याकाळी मावशी जेवताना एक डोळा बारीक करून भिंतीकडे बघत होत्या.

“डोळ्याला काय झालंय?” ताईने विचारलं.

“काही नाही. पापणीचा केस गेलाय.”

“बघू.”

“निघाला गं आता. तू जेव.”

ताईने थोडा वेळ त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि विषय सोडला. मावशींना हायसं वाटलं आणि लगेच लाजही वाटली. पंचावन्न ओलांडल्यावर आपण बहिणीपासून शाळकरी पोरीसारखं लपवतोय. पण बोलून काय होणार? दुकानात लोक त्यांच्याकडे काय म्हणून येत होते? डोळ्यांसाठीच. डोळेच दगा देतायत म्हटल्यावर वरच्या मजल्यावर त्यांचं काय काम उरणार होतं? मुलीला कळवून टाकावं असं त्यांच्या मनात दहादा आलं. फोन हातात घ्यायच्या, पुन्हा खाली ठेवायच्या. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली. डावा डोळा तर शाबूत आहे ना? उजवा मिटून ताव बघायचा. एक डोळा मिटून बघणारी पारखी माणसं असतातच की.

छापखाना एका गल्लीच्या टोकाला होता. आत शाईचा आणि रॉकेलचा वास, कागदाच्या थप्प्या, आणि मध्ये ती लांबलचक मशीन. छापखान्याचे मालक फुरंगटलेलेच होते. त्यांनी नुसती मान हलवली. मशीन चालवणाऱ्या मशीनमनने पहिला ताव काढला आणि उजेडाखालच्या तिरप्या टेबलावर पसरला. मुलगी मावशींच्या शेजारी उभी राहिली.

मावशींनी दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. पिवळा.

“पिवळा आहे अजून,” त्या म्हणाल्या.

मशीनमनने पिवळी शाई कमी केली. दुसरा ताव आला. मावशींनी उजवा डोळा मिटला. बरा वाटला. पण पूर्ण पांढरा? डावाही अर्धवटच पांढरं दाखवत असेल तर? त्यांनी डोळा उघडला, पुन्हा मिटला.

“अजून थोडी कमी करा.”

“बाई, निळसर व्हायला लागलंय,” मशीनमन म्हणाला.

“तुला काय वाटतं?” मावशींनी मुलीला विचारलं.

“तुम्ही सांगाल तसं,” मुलगी म्हणाली. तिची नजर तावावर नव्हतीच, मावशींच्या चेहऱ्यावर होती. “मला सवय झालीय ना.”

ते मावशींचंच वाक्य होतं. तिसरा ताव आला. चादर झटकणाऱ्या त्या दोन बायका समोर होत्या आणि मधली चादर मावशींना एका डोळ्याने एक दिसत होती, दुसऱ्याने दुसरी. खरी कोणती, हे सांगायला तिसरा डोळा कुठून आणायचा? मशीन नुसती घरघरत उभी होती. मालक घड्याळाकडे बघत होते.

“लावू का मग?” मशीनमनने विचारलं.

हो म्हटलं की सुटका होती. मावशींनी तोंड उघडलं आणि म्हणाल्या, “नको. थांबवा. मला कळत नाहीये.”

“काय कळत नाहीये?” मुलीने विचारलं.

“पांढरं कुठलं ते. माझ्या डोळ्यांत दोष आहे. परवा लक्षात आलं माझ्या. तुझी आधीची छपाई बहुतेक बरोबरच होती.”

मशीनमनने मशीन बंद केली.

“परवा?” मुलगी म्हणाली.

“हो.”

“आणि आज सांगताय?”

मुलगी मालकांकडे वळली. “पहिली पुस्तकं कुठे आहेत?”

मालकांनी कपाळ चोळलं. “निम्मी रद्दीत गेली. तूच म्हणालीस, डोळ्यासमोर नकोत. उरलेली मागे आहेत. गाडी उद्या येणार होती.”

मुलगी मागच्या खोलीत गेली. तिथे ती किती वेळ होती कोण जाणे; बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक पुस्तक होतं. “बाबा म्हणत होते, पांढरंच आहे,” ती म्हणाली. “मी त्यांना म्हटलं, तुम्हाला यातलं काय कळतं.” एवढं बोलून ती निघून गेली. मावशी तिच्यामागे दारापर्यंत गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

घरी आल्यावर त्यांनी ताईला सगळं सांगितलं. ताईने ऐकून घेतलं, मग म्हणाली, “पापणीचा केस, होय ना?” आणि दुसऱ्या दिवशी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेऊन बसवलं.

मोतीबिंदू होता. उजव्यात चांगला पिकलेला, डाव्यात सुरुवात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यात घाबरण्यासारखं काही नाही, हे रोजचंच काम आहे. मावशी शस्त्रक्रियेला घाबरतच नव्हत्या. त्यांना भीती होती ती पट्टी निघाल्यानंतरची. कपाटातली पुस्तकं त्यांनी जिवापाड मानली होती. कुणाला ‘याच्यातला उबदार उजेड बघा’ म्हणून सांगितलं होतं. तो उजेड पानावर होता की आपल्याच डोळ्यातला? शस्त्रक्रियेच्या आधीचे दिवस त्यांनी असे काढले की ताईला त्यांच्या ताटात दोनदा वाढावं लागे, कारण पहिलं वाढलेलं गार होऊन जायचं.

ताईने घरीच पट्टी काढली. खोलीची भिंत इतकी पांढरी होती की मावशींनी क्षणभर डोळा मिटून घेतला. खिडकीचा पडदा त्या इतकी वर्षं हिरवट समजत होत्या. तो निळा निघाला. “मी निळाच आणला होता,” ताई म्हणाली. “तू हिरवा म्हणायचीस, मी वाद घालत नव्हते.”

दुकानात परतल्यावर त्यांनी सगळ्यात आधी मुलगी पहिल्या भेटीत ठेवून गेलेली ‘वाफ’ची प्रत उघडली. चादरी स्वच्छ पांढऱ्या होत्या, सावलीत किंचित राखाडी, जशा असायला हव्यात तशा. मग त्यांनी कपाट उघडलं. बरीचशी पुस्तकं तग धरून होती. पण गेल्या तीन-चार वर्षांत लावलेली काही त्यांनी बाहेर काढून बाजूला ठेवली. ज्याला त्यांनी ऊब म्हटलं होतं ती नुसतीच मळकी छपाई होती, किंवा ती ऊब पानावर नव्हतीच, डोळ्यातच होती. ती पुस्तकं ज्यांना सुचवली होती त्यांना त्यांनी एकेक करून फोन लावले. दोघं हसले. एकाने पुस्तक परत आणून दिलं आणि मावशींनी ते मुकाट्याने घेतलं.

दातांचे डॉक्टर स्वतःच आले. मावशींनी समुद्राच्या पुस्तकाबद्दल सांगितलं: ती आवृत्ती चांगली होती, ती घ्यायला हवी होती, आता मिळायची नाही.

“असू दे हो,” डॉक्टर म्हणाले. “खरं सांगू? मला चांगल्या-वाईट छपाईतला फरक कधी दिसतच नाही. तुम्ही सांगता म्हणून मी घेतो.”

त्यांना धीर द्यायचा होता. पण मावशींनी हातातलं पुस्तक टेबलावर ठेवलं. “म्हणजे मी चुकले तर तुम्हाला कळणारच नाही?”

“नाही कळणार,” डॉक्टर म्हणाले.

त्या दिवसापासून मावशींनी रीत बदलली. पुस्तक सुचवायच्या आधी त्या गिऱ्हाइकाला खिडकीशी न्यायच्या आणि विचारायच्या, “तुम्हाला काय दिसतं?” काहीजण गोंधळायचे. काहीजण वैतागायचे, आम्ही तुम्हाला विचारायला आलोय म्हणायचे. मावशी तरीही थांबायच्या. आपलं मत त्या शेवटी सांगायच्या आणि सांगताना त्यांचा जीव अजूनही टांगणीला लागलेला असायचा.

मुलीकडे जायला त्यांना महिना लागला. धुलाईखान्याच्या मागच्या दारात ती कॅमेरा गळ्यात अडकवून उभी होती. मावशींनी माफी मागितली. उरलेल्या प्रती दुकानात द्याव्यात, कपाटात मधोमध लावते, असं म्हणाल्या.

“तुमच्या कपाटात नको,” मुलगी म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण मऊपणाही नव्हता. “खाली ठेवा, कादंबऱ्यांच्या शेजारी. येणारे-जाणारे बघतील.”

“वरच्या लोकांना मग ते कळणार कसं?”

“उतरतील ना खाली.”

प्रती तळमजल्यावर लागल्या. सावकाश खपल्या. घेणाऱ्यांत इस्पितळातल्या नर्सच जास्त होत्या. मुलीने नंतर शहराबाहेरच्या एका मोठ्या छापखान्यात नोकरी धरली आणि फोटो काढणं चालू ठेवलं. अधूनमधून दुकानात यायची, वर मात्र क्वचितच चढायची. एकदा चढली तेव्हा तिने नव्या फोटोंचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि सरळ सांगितलं, “रंगाचं काही विचारत नाही. कुठला आधी, कुठला नंतर, एवढंच सांगा.”

मावशींनी फोटो टेबलभर मांडले. दुपार सरली तरी दोघी ते इकडून तिकडे हलवत बसल्या होत्या, आणि दोनदा मुलीने मावशींचं ऐकलं नाही.

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे. ताई तारीख घेऊन येते आणि मावशी ती पुढे ढकलतात. आत्ताशी कुठे उजव्याची ओळख पटतेय, म्हणतात.