न प्यालेल्या दारूची साक्ष

शांतू गेल्याचा फोन शेजारच्यांकडे आला. टेंभी नाक्यावरच्या आमच्या चाळीत तेवढाच एक फोन आहे. पलीकडे कल्याणच्या त्या प्रार्थना-हॉलमधला कुणी कार्यकर्ता होता. "ताई, प्रभूने आपल्या शांतवनभाऊंना बोलावून घेतलं. दारूच्या चिखलातून वर काढलेला आत्मा होता तो..." मी रिसीव्हर ठेवून दिला. पाठचा भाऊ गेला होता, रडू यायला हवं होतं, पण आधी आला तो संताप. आता दीड महिना होत आला, तो उतरलेला नाही. उतरावा अशी माझी इच्छाही नाही. म्हणून आधी एक गोष्ट सांगून टाकते, बाकीचं मग. माझ्या भावाने जन्मात दारूला हात लावला नाही.

आमचं घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, मूळ नगरकडचं. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि त्यांचे हात थरथरायचे. फळ्यावर लिहिलेलं अक्षर ओळ सोडून पळायचं, पोरं हसायची, वडीलही हसायचे. तेच हात शांतूच्या वाट्याला आले. स्वभाव मात्र वडिलांपेक्षाही मऊ. दुकानदाराने फाटका सदरा बांधून दिला तर परत करायला न जाता मालनला म्हणायचा, "बिचाऱ्याचं लक्ष नसेल गं." मोहन्याच्या कारखान्यात स्टोअरमध्ये नोकरी, बायको मालन, एक मुलगी निर्मला, एवढाच त्याचा संसार. चहा त्याला अर्धा पेलाच द्यायचा, नाहीतर बशीत, शर्टावर आणि शेजाऱ्याच्या मांडीवर त्याची वाटणी व्हायची.

आमच्या जुन्या चर्चची जाहिरात म्हणजे रविवारची घंटा आणि नाताळात कंदील घेऊन घरोघर गायलेली गीतं. आलात तर आनंद, नाही आलात तर पाळकसाहेब वाटेत भेटल्यावर तब्येत विचारत. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला कल्याणात हा नवा हॉल निघाला आणि सगळा नूरच बदलला. रिक्षाला भोंगा बांधून विठ्ठलवाडीपर्यंत पुकारा, स्टेशनबाहेर हँडबिलं, घरोघर फुकट कॅलेंडरं, गिटार, आणि दर महिन्याला मैदानात चंगाईची सभा. आंधळे बघणार, पांगळे चालणार. शांतू तिथे गेला तो फक्त हातांसाठी. हॉलच्या पास्टरने त्याचे हात आपल्या हातात धरून कितीतरी रविवार प्रार्थना केली. हात थरथरतच राहिले. आता चंगाईच्या सभेत पहिल्या रांगेत असे हात दिसणं म्हणजे धंद्याला खोटच की! मग त्या सुपीक डोक्यातून कल्पना निघाली. शांतूने मला नंतर सांगितली, तेव्हा तो ओशाळून हसत होता.

पास्टर म्हणाला होता, "हात राहू द्या. ते जुन्या दारूचे भोग आहेत असं सांगा. दारू सुटली, हीच चंगाई."

"पण पास्टर, मी घेतच नव्हतो."

"मग सुटलेलीच आहे ना?"

आणि माझा भोळा सांब उभा राहिला साक्ष द्यायला. पहिल्या सभेत तो नुसता 'वाईट मार्गाला' लागला होता. पुढच्या सभेत रोज बाटली लागू लागली. मी एकदाच ऐकायला गेले होते, मालनच्या शेजारी बसले होते. मंचावर शांतू सांगत होता, की दारूसाठी मी बायकोचं मंगळसूत्र विकलं. मालनने पदराखाली गळ्यातलं मंगळसूत्र मुठीत घट्ट धरलं होतं. समोर बायका डोळे पुसत होत्या, भोंगा खरखरत होता. घरी जाताना मी त्याला रस्त्यातच धरला.

"शांतू, लाज नाही वाटत तुला? काय बरळत होतास?"

"ताई, खरंच दोघा-तिघांची सुटली गं. माझ्या एका खोट्याने कुणाचं घर उभं राहत असेल तर..."

"आणि तुझं घर?"

तो पुढे चालू लागला.

घराचं व्हायचं ते झालंच. निर्मलाला विठ्ठलवाडीचं चांगलं स्थळ आलं होतं, बोलणी होत आली होती. तेवढ्यात हॉलने नवीन हँडबिल छापलं. वर शांतूचा फोटो, खाली ठळक अक्षरांत 'काल दारुडा, आज देवाचा'. मुलाच्या आईच्या हातात ते भाजी घेताना पडलं. "मुलगी गुणाची आहे हो," ती मालनला म्हणाली, "पण बापाचं रक्त..." शांतू आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे काही मागायला गेला. हँडबिलावरचा फोटो काढून टाका, एवढंच म्हणाला. पास्टरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ही तुमची परीक्षा आहे असं सांगितलं. आठवड्यात त्याच फोटोची नवी थप्पी स्टेशनबाहेर वाटली गेली. त्यानंतर शांतू लेकीबरोबर बाजारात जाईनासा झाला. तिच्याबरोबर आपण दिसायला नको, असं त्याच्या मनाने घेतलं. निर्मलाने पुढे लग्नाचा विषयच कुणाला काढू दिला नाही. हे मी विसरावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा त्या पोरीसमोर बसून तसं म्हणावं.

दफनाच्या वेळी पास्टरने पुन्हा तेच सगळं सांगितलं. तेव्हा मी गप्प बसले, कारण पेटी अजून वर होती. पण महिन्याभराने हॉलमध्ये स्मरणसभा झाली. नवीन माणसं मुद्दाम बोलावली होती, दारात हँडबिलं होतीच. पास्टरने विचारलं, "भाऊंबद्दल कुणाला साक्ष द्यायची आहे?" मी उठले, माईक हातात घेतला आणि म्हणाले, "माझ्या भावाने दारूचा थेंबही कधी घेतला नाही. मंगळसूत्र विकलं नाही, ते बघा मालनच्या गळ्यात आहे. हे सगळं या माणसाने त्याच्या तोंडी घातलं." खोटं कशाला बोलू, पास्टरचा चेहरा उतरलेला बघून मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात मागून गणपत रिक्षावाला उठला. हा खरा दारुडा, शांतूची साक्ष ऐकून सुटलेला.

"मॅडम, असं कसं बोलता? मग मी कुणाकडं बघून सोडली?"

पास्टरच्या डोळ्यांत मला आशा दिसली.

"शांतूकडेच बघून सोडलीस," मी म्हणाले. "त्याच्या हातांवर औषध लागू पडत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, संध्याकाळी घोटभर घेत जा, थरथर थोडी कमी होते. त्याने तीही घेतली नाही. गणपत, तू अशा माणसाकडे बघून सोडलीस."

गणपत मटकन खाली बसला आणि रडायला लागला. त्याच्याबरोबर मालन रडली, आणि मग मीही, शांतू गेल्यापासून पहिल्यांदा. पास्टरने घाईघाईने गिटारवाल्याला खूण केली.

गेल्या आठवड्यात पास्टर माझ्या घरी आला. हातात बिस्किटांचा पुडा. "ताई, चूक झाली. क्षमा करणं हाच तर आपला धर्म."

"जरूर करीन," मी म्हणाले. "रिक्षाला भोंगा बांधा. मोहन्यापासून विठ्ठलवाडीपर्यंत फिरा आणि ओरडून सांगा, शांतवन दारुडा नव्हता, आम्ही खोटं बोललो. तोच फोटो लावून हँडबिलंही वाटा. मग क्षमा."

"ताई, असं केलं तर लोक हॉलवर येतील का?"

"शांतूच्या दारात कोण आलं?"

तो पुडा ठेवून गेला. विचार करून कळवतो म्हणाला, अजून कळवलेलं नाही. माझी हरकत नाही, त्याने सावकाश विचार करावा. रविवारची ही पुरवणी मोहन्यातही येते, विठ्ठलवाडीतही येते, आणि त्याच्या हँडबिलांपेक्षा कितीतरी जास्त लोक ती वाचतात.