वीस अंशांवरचा अवसर

सीतालक्ष्मी संताजीराव. वय पन्नाशीच्या आतबाहेर, वर्ण सावळा, मुक्काम अण्णा नगर, चेन्नई. मातृभाषा मराठी, लिहिण्याची भाषा तमिळ, रागावण्याची भाषा प्रसंगानुसार. हुद्दा: इरुंगाट्टुकोट्टै येथील एका कारखान्यात पट्टी विभागाच्या प्रमुख. सदर अधिकारी तातडीची कामे तत्परतेने, जातीने लक्ष घालून व कालापव्यय न होऊ देता पार पाडतात, असा अभिप्राय त्यांच्या वार्षिक अहवालात दरवर्षी आढळतो. वाक्यही दरवर्षी तेच असते.

सीतालक्ष्मीच्या विभागात अचूक वजनकाट्यांसाठी पोलादाच्या पातळ पट्ट्या होतात. काट्यावर माल ठेवला की आत पट्टी वाकते, आणि ती किती वाकली त्यावरून वजन कळते. म्हणजे पट्टीची लांबी बरोबर हवी आणि ताठपणाही. उष्णता दोन्हींना भोवते. नव्या मुलांना ती हे हनुमंताच्या देवळातल्या प्रसादाच्या रांगेवरून समजावते. पोलाद तसे दिसत नसले तरी स्फटिकच. अणू आपापल्या जागी शिस्तीत उभे. उकाडा वाढला की रांगेत चुळबुळ सुरू होते. पुढच्याच्या अंगावर जायला कोणी देत नाही, मागे सरकायला मात्र वाव असतो. म्हणून रांग लांबते. आणि अंतर पडले की एकमेकांवरची पकडही सैल होते. गरम पट्टी थोडी लांब भरते आणि थोडी मऊही होते, कारण एकच. म्हणून मोजमाप वीस अंशांवर. चेन्नईत वीस अंश फक्त मापन कक्षात असतात.

मापन कक्ष रत्नाकर दामलेंच्या ताब्यात. हे मूळचे नाशिकचे, चेन्नईत अलीकडेच आलेले. दक्षिणेत आपल्याशी मराठी बोलणारे कोणी भेटले याचा त्यांना इतका आनंद झाला होता, की सीतालक्ष्मीशी ते कामाचेही मराठीतच बोलत. ती त्यांना तमिळ वळणाने 'सार' म्हणे.

त्या आठवड्यात एका नव्या ग्राहकाची पहिली खेप तयार झाली. ग्राहकाचा तपासनीस दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. पट्ट्या नापास झाल्या तर काम गुम्मिडिपूंडीच्या दुसऱ्या कारखान्याला जाणार आणि पट्टी विभाग बंद होणार, हे मॅनेजरने सीतालक्ष्मीला चहा पाजून सांगितले होते. त्या विभागासाठी ती वरच्यांशी वर्षानुवर्षे भांडली होती.

संध्याकाळी पट्ट्या भट्टीतून निघाल्या. हाताला कोमट लागताहेत तोवर तिने एक उचलून मोजली. लांब भरली. वजन टांगले, तर आराखड्यात दिले होते त्याहून जास्त वाकली. रांगेची गोष्ट त्या घटकेला तिला आठवली नाही, गुम्मिडिपूंडी आठवली. तिने रात्रपाळीला घासायची यंत्रे तयार ठेवायला सांगितले, पट्ट्या मापन कक्षात पाठवल्या आणि रत्नाकरांना फोन लावला.

"सार, पट्ट्या आल्या की नाही?"

"आल्या, बाई. टेबलावर मांडल्यात."

"मोजून रात्रपाळीला सांगा. लांब भरल्या तर ते टोकं घासतील. अवसर आहे, सार."

"अवसर आहे ना? मग झालं तर."

"फार अवसर आहे."

"अहो, इथे असं पहिल्यांदाच कोणी म्हणतंय," रत्नाकर म्हणाले. ते खरोखर गहिवरले होते.

सीतालक्ष्मीच्या घरात अवसर म्हणजे घाई; पिढ्यान्‌पिढ्या तमिळ शेजारात राहून हा शब्द तिकडचा झाला होता. रत्नाकरांच्या घरात अवसर म्हणजे सवड. एरवी घाईचा माल ते पंख्यासमोर थोडा वेळ ठेवत आणि उरकून टाकत. आज सवड मिळाली म्हणून त्यांनी कक्षाला कुलूप लावले आणि कंपनीच्या बसने घरी गेले.

सकाळी सीतालक्ष्मी आली तेव्हा घासायची यंत्रे न वापरलेली, कोरडी होती आणि रत्नाकर पोंगल खात होते.

"किती भरल्या, सार?"

"आता बघतो ना. हात धुतो."

"काल नाही बघितलं?"

"तुम्हीच म्हणालात, अवसर आहे."

"म्हणूनच विचारते."

"म्हणूनच थांबलो."

शेवटी तिने अवसरचा तमिळ अर्थ सांगितला, आणि रत्नाकरांनी चमचा खाली ठेवला.

"आमच्या मराठीपायी तुमचं नुकसान झालं की हो, बाई."

"ते मोजून झाल्यावर ठरवू. हात धुवा, सार."

तपासनीस आला तेव्हा रत्नाकर पहिली पट्टी मोजत होते. लांबी मर्यादेत. वजन टांगले, वाक जितका हवा तितकाच. दुसरी तशीच. तपासनिसाने मधल्याच काही पट्ट्या स्वतः उचलून पाहिल्या आणि अधिक काही न बोलता सही केली.

सीतालक्ष्मी स्टुलावर बसली. काल मोजल्या असत्या तर पंख्याच्या वाऱ्याने अर्धवट निवलेल्या पट्ट्या लांबच भरल्या असत्या. रात्रपाळीने त्या घासल्या असत्या. आणि सकाळी या गारव्यात सगळी खेप आखूड निघाली असती.

"मुलांना मीच शिकवते हे," ती म्हणाली.

"शिकवताना आपल्याला उकडत नसतं," रत्नाकर म्हणाले.

यंदाच्या अहवालात मॅनेजरने नव्या ग्राहकाचा खास उल्लेख केला: सदर अधिकाऱ्यांनी तातडीने पावले उचलल्यामुळे खेप एका रात्रीत मर्यादेत आणता आली.

त्या रात्री पट्ट्यांना कोणी हात लावला नव्हता.