हरकतीतला कोरा परिच्छेद

वाईच्या तहसील कचेरीसमोर, पत्र्याच्या छपराखाली माझे टेबल होते. ते ज्या दिवशी मी कायमचे उचलले, त्या दिवशी थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, आम्हा उभयतांना एस.टी.त बसवून देण्यास आले होते. सौ. सुलभा लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन आत बसली होती. दादांनी खिडकीच्या गजाला धरून मला शेवटचा उपदेश केला, "परमुलखात गप बसायचं. कुणाच्या अध्यातमध्यात पडायचं नाही. आणि लईच काही विपरीत दिसलं, तर तोंडानं भांडायचं नाही. लेखी हरकत घ्यायची."

दादांना माझ्या लेखणीचा अभिमान आहे, व तो अस्थानी नाही. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले असले, तरी तालुक्यात माझ्या हातचा अर्ज म्हटला की कारकून चष्मा पुसून मग वाचायला घेत, हे जुने लोक आजही सांगतील. हा धंदा मी वडिलांकडून उचलला. तेही अर्जनवीसच होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला टाक दिला आणि म्हणाले, "पहिलं हे लिही की माणसाचं गेलं काय. राग मागनं लिही. राग वाचायला साहेबाला वेळ नसतो."

जे या व्यवसायाशी परिचित नाहीत त्यांच्यासाठी खुलासा करणे इष्ट आहे. जमिनीच्या नोंदीत फेरफार व्हायचा असला की नोटीस लागते, व ज्याला मान्य नसेल त्याने हरकत नोंदवायची असते. हरकतीत नाव, गाव, तक्रार हे सारे कोणीही लिहील. पण एक परिच्छेद असा असतो, की ज्यावर सर्व इमारत उभी राहते : हरकतदारास होणारी बाधा. तुझी वाट अडते का, तुझे पाणी तुटते का, तुझा हिस्सा कमी होतो का? यातले काहीच होत नसेल, तर तू नुसता बांधावर उभा असलेला बघ्या आहेस. बघ्याची हरकत कोणी दाखल करून घेत नाही.

हे सर्व मी सिंगापुरातून लिहीत आहे. मागे राहिलेल्या आप्तांनी व माझ्याप्रमाणे इकडे येऊन राहिलेल्या मंडळींनी ते शांतपणे वाचावे, ही विनंती.

आमची एकुलती कन्या मृणाल बुओना व्हिस्टा येथे एका कंपनीत संगणक अभियंता आहे. तिच्या नोकरीच्या पासावर, म्हणजे इथल्या परवान्यावर, आम्हा उभयतांचा राहण्याचा पास निघाला, आणि आम्ही बिशानच्या फ्लॅटमध्ये राहू लागलो. तिकडे सकाळी मी टेबल पुसत असे; इकडे लिफ्टने खाली येऊन इमारतीखालच्या मोकळ्या मजल्यावर सिमेंटच्या टेबलाशी बसू लागलो. शेजारी चिनी वृद्ध बुद्धिबळासारखे काही खेळत. प्रथम मला वाटले, आपली विद्या इथे वाया गेली. पण इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ओळखी झाल्या आणि गावाकडे वाटण्या अडलेली आपली माणसे माझ्याकडे मसुदे घेऊन येऊ लागली. मला पुन्हा बोलण्यास विषय व बसण्यास कारण मिळाले.

अशातच मृणालने आपले लग्न ठरविले. मुलगा कौस्तुभ, मूळचा पुण्याचा, तिच्याच क्षेत्रातला, वडील नाहीत, आई पुण्यात. थोरला भाऊ अभिजित मरीन इंजिनिअर. पूर्वी जहाजावर होता, आता हार्बरफ्रंटच्या एका कचेरीत काम करतो. वडिलांच्या पश्चात कौस्तुभचे शिक्षण त्यानेच केले. स्थळात नाव ठेवण्यास जागा नव्हती, आणि मी जागा शोधण्यात कच्चा नाही.

पहिली भेट बिशानच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, झाली. दोघे भाऊ आले, व त्यांच्यासोबत तिसरे एक गृहस्थ होते. उंच, चष्मा लावलेले, इथलेच चिनी, नाव केल्विन. कौस्तुभ खुर्चीवर नीट बसलाही नाही तोच म्हणाला, "काका, नंतर कळण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं. केल्विन आणि अभिदादा यांचं लग्न झालंय. ऑस्ट्रेलियात. आईला माहीत आहे. मृणाललाही."

मी सुलभेकडे पाहिले. ती केल्विनकडे पाहत होती. केल्विनने माझ्यापुढे नूडल्सची थाळी सरकवली आणि म्हणाले, "अंकल, ईट फर्स्ट लाह. देन स्कोल्ड."

मी खाल्ले. रागावण्याचे शब्द मात्र मला त्या वेळी इंग्रजीत सुचले नाहीत.

घरी येऊन दादांना फोन केला. दादा एकदम उसळले. "मोड! आत्ताच्या आत्ता मोड! आरं, आपल्या घराचं काय होईल? उद्या भावकीत तोंड दाखवायचंय मला. लेखी हरकत लिही त्या मुलाच्या आईला. एक तर ती दोघं लग्नात दिसायची न्हाईत, न्हाईतर सोयरीक न्हाई."

मृणाल दारात उभी राहून ऐकत होती. तिचा आवाज चढला नाही, हेच मला अधिक लागले. "बाबा, अभिदादाशिवाय कौस्तुभ मांडवात उभा राहणार नाही. आणि त्याने भावाशिवाय उभं राहू नये, असं मलाही वाटतं. तुमचं पत्र गेलं की लग्न मोडलं असं समजा. तेवढं लक्षात ठेवून लिहा."

मी लिहावयास बसलो. खोटे कशाला सांगू, माझे मन दादांच्या बाजूचे होते. हे जे काही आहे ते पटणारे नाही, असे तेव्हा मला वाटत होते. सुरुवातीचे परिच्छेद सरळ उतरले. नाव, नाते, विषय. "सदर विवाहसंबंधास आमची हरकत आहे, कारण की." येथे लेखणी नेहमीप्रमाणे बाधेच्या परिच्छेदाशी आली, आणि थांबली.

मी पद्धतशीर माणूस आहे. प्रथम मालमत्तेचा मुद्दा घेतला. त्या दोघांच्या लग्नामुळे माझ्या किंवा दादांच्या मिळकतीस धक्का नाही. मग संसाराचा घेतला. त्यांनी ऑस्ट्रेलियात सह्या केल्या तेव्हा आम्ही वाईलाच होतो. त्या सुमारास माझ्या संसारातले काही कमी झाले होते काय? मी सुलभेला विचारले, "त्या लग्नाने आपल्या लग्नाला काही बाधा पोचली, असं तुला कधी जाणवलं का?"

ती कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, "अहो, मला तुमची एकट्याची बाधा आहे ती पुरे आहे. दुसऱ्यांची कुठून घेऊ?"

मग मुलेबाळे बिघडतील हा मुद्दा. दादांच्या घरी इतकी वर्षे रीतसर, अग्नीसमक्ष झालेला विवाह नांदतो आहे, आणि तो डोळ्यांसमोर पाहून त्यांच्या धाकट्या चिरंजिवांनी लग्नच करायचे नाही असे ठरविले आहे. पाहून माणूस तसाच वागतो, हे मी कोणत्या तोंडाने लिहू?

शेवटी राहिला अब्रूचा मुद्दा. हा मला भक्कम वाटत होता. परंतु अब्रूच्या तक्रारीत, अब्रू कोणी घालविली हे लिहावे लागते. अभिजित व केल्विन यांनी वाईत येऊन आमच्याविषयी एक शब्दही उच्चारला नव्हता. भावकीत ही गोष्ट सांगणारा माणूस एकच होता, व तो मला सायंकाळी फोन करीत असे. प्रतिवादी म्हणून दादांचे नाव घालावे लागले असते.

बाधा अजिबात नव्हती असे मात्र नाही. ती मला उलट बाजूला सापडली. या देशाने पुरुषा-पुरुषांतील संबंधांना गुन्हा ठरविणारे जुने कलम काढून टाकले आहे; विवाहाची व्याख्या मात्र स्त्री-पुरुषांचीच ठेवली आहे. म्हणजे इथल्या दफ्तरी केल्विन हे अभिजितचे कोणीही नाहीत. मी मृणालचा बाप, म्हणून तिच्या पासावर मला इथे राहता येते. अभिजितची नोकरी उद्या गेली, तर त्याला नवऱ्याच्या नात्याने इथे राहता येणार नाही. वाट अडत होती ती त्यांची. हिस्सा कमी होता तो त्यांचा. आणि हरकत घ्यायला बसलो होतो मी, ज्याचे काहीच गेले नव्हते. वडील असते तर त्यांनी माझ्या हातातून टाक काढून घेतला असता.

सबब माझे मत असे झाले आहे, व ते मी आता कोणासमोरही मांडण्यास तयार आहे : दोन माणसांनी लग्न केले, आणि उद्या कायद्याने त्याची नोंद घेतली, तर तिसऱ्याचे काहीही कमी होत नाही. ज्याला आवडत नसेल त्याला न आवडण्याची पूर्ण मुभा आहे. पण न आवडणे ही बाधा नव्हे. माझ्या टेबलाशी रोज अशी माणसे येत, आणि मी त्यांना परत पाठवीत असे.

तरीही थोरल्या भावाचा शब्द मी एकदम मोडू शकत नव्हतो. मी मसुद्याचा फोटो काढून दादांना पाठविला. बाधेचा परिच्छेद कोरा ठेवला, आणि खाली लिहिले, "हा मजकूर आपण सांगावा, मी तसाच उतरवून पत्र रवाना करतो."

काही दिवस फोन आला नाही. मृणाल माझ्याशी पास, भाडे, औषधे यापलीकडे बोलत नव्हती. मला जेवण गोड लागेना. मग एका दुपारी दादांचा फोन आला.

"तूच लिही की ते. तुला येतंय."

"दादा, नुकसान ज्याचं, त्यानंच सांगायचं असतं. मी फक्त उतरवतो."

"लोक हसतील."

"कोण लोक? नाव सांगा, लिहितो."

मागून वहिनी, "काय झालं हो? सांगा की त्यांला काय ते," म्हणत होत्या. मग दादा म्हणाले, "तिकडं ज्वारीचं पीठ मिळतं का? का आम्ही येताना आणायचं?"

फोन ठेवून मी मृणालच्या खोलीत गेलो. एवढेच म्हणालो, "दादा पीठ घेऊन येतायत." तिने माझ्या खांद्यावर डोके टेकले. माझ्या छातीवरचा मोठा धोंडा उतरला, आणि त्या दिवशी मी दुपारचा डाराडूर झोपलो.

लग्न इथेच, देवळाजवळच्या हॉलमध्ये झाले. अक्षता पडल्या, कानपिळी झाली, मग मानपानाची वेळ आली. आमच्याकडे मुलाकडच्या प्रत्येक जोडप्यास आहेर करतात : पुरुषाला टॉवेल-टोपी, बाईला साडी. थोरल्या भावाचा मान मोठा. वहिनींनी पिशवी उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला. अभिजितच्या नावाच्या पुडक्यात एक टॉवेल, एक टोपी, आणि हिरवी नारायणपेठी साडी होती.

"मला ठाऊक होतं हो," त्या सुलभेला म्हणाल्या, "सगळं ठाऊक होतं. पण जोडप्याचं म्हणून हात सवयीनं बांधत गेलं. आता गं?"

अभिजित व केल्विन दोघेही पाटावर बसले होते. केल्विनची वृद्ध आई मागच्या खुर्चीवर बसून, काय चालले आहे ते कौतुकाने पाहत होती. वहिनींनी तिच्याकडे पाहिले, पदर खोचला, आणि साडी नेऊन तिच्या ओटीत घातली. कुंकू लावले, नारळ ठेवला. ती माउली गोंधळून मुलाला चिनीत काही विचारू लागली. केल्विन मला म्हणाले, "माय मदर आस्किंग, हाऊ टू वेअर?" सुलभा म्हणाली, "मी नेसवते." आणि खरोखरच तिला आत घेऊन गेली.

राहिली टोपी. टोपी एक, डोकी दोन. सगळे दादांकडे पाहू लागले. दादांनी अभिजितच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला. मग आपल्या पिशवीत हात घातला. परतीच्या प्रवासासाठी एक कोरी, कडक इस्त्रीची टोपी ते नेहमी वेगळी ठेवतात. मळक्या टोपीने गावात शिरायचे नाही हा त्यांचा नेम आहे. ती त्यांनी बाहेर काढली, तिची घडी उलगडली, केल्विनच्या डोक्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी नीट बसवली. "टॉवेल पाठवून देतो," म्हणाले. "सध्या एवढंच."

वापरलेल्या टोपीनेच दादा वाईला परतले. भावकीत कोणी काय म्हटले ते त्यांनी मला सांगितले नाही, व मीही विचारले नाही.

मला कोणी विचारते, गाव सोडून तुम्हाला करमते का? पूर्वी मी म्हणत असे, घर वाईला, मुक्काम सिंगापूरला. आता तसे म्हणवत नाही. जिथे बसले असता कोणाविरुद्ध काही लिहावेसे वाटत नाही, ते माझे घर. बिशानच्या सिमेंटच्या टेबलाशी मला हल्ली तसे बसता येते. रविवारी सारे जण जेवायला येतात, केल्विनची आईसुद्धा, आणि सुलभा तिला भाकरी थापायला शिकवते.

दादांचा फोन अजून सायंकाळीच येतो. परवा इकडचे-तिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारले, "ती माझी टोपी घालतो का रं तो? का नुसती ठेवलीया?"

"घालतो की. उन्हात भाजी आणायला जाताना घालतो."

"रोज?"

"बहुतेक रोज."

"मग एकीनं कसं भागंल?" दादा म्हणाले. "अजून एक पाठवतो. एक धुवायला, एक डोक्याला."