ते भाषण माझंच होतं

ते भाषण माझं होतं. आणि भरल्या सभागृहात मी सांगितलं, माझं नाही.

आमच्या तोफगोळ्यांच्या कारखान्यात दरवर्षी हिंदी पंधरवडा होतो. कामगारांची भाषणस्पर्धा असते. त्या वर्षी विषय होता, बलाढ्य देश आणि जगाची शांतता. रांझीतल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आरशासमोर उभा राहून मी तयारी केली होती.

मी म्हणालो, मोठी फौज दुसऱ्याच्या देशात शिरते. तिथल्या एका गटाला बंदुका देते, मग दुसऱ्याला. आणि जगाला सांगते, बघा, आम्ही गेलो तर हे एकमेकांना मारतील. भांडण चालू तोवर मुक्काम. मुक्काम आहे तोवर तेल त्यांचं, ठेके त्यांचे.

मोठ्या साहेबांनी मधेच थांबवलं. "उनके सैनिक भी तो मरते हैं. फायदा कैसा?"

"मरते सिपाही हैं, साहब. फायदा कोई और लेता है."

मागून टाळी आली. एकट्या रईसची. गोहलपूर मोहल्ल्यातला रईस, माझ्या शेजारच्या मशीनवरचा. आम्ही रोज एकत्र जेवायचो.

साहेब हसले. "आरक्षण से नौकरी मिल गई, अब विदेश नीति भी चलाओगे? और ये गोले किसके लिए बनाते हो? बुद्ध के लिए?"

सगळं सभागृह हसलं. माझ्या वस्तीतलेही हसले. मग साहेबांची नजर मागे गेली. "अच्छा, ताली वाले भैया! उस मुल्क का दर्द आपको है. भाषण आपने लिखा?"

रईस उठत होता. त्याच्या आधी मी बोललो. "जी साहब. इन्होंने ही लिखकर दिया."

हसणं थांबलं. माझ्यावरचं.

रईसला मशीनवरून काढून भंगाराच्या आवारात टाकलं. तिथे त्याला 'उस मुल्कवाला' म्हणू लागले. साहेब मला बोलावून विचारत, तो काय बोलतो. त्यालाही माझ्याबद्दल तेच विचारत असणार. बारूद भरायच्या खोलीतला पंखा बंद होता, लोक खोकून बेजार. त्यासाठी आम्ही दोघं मिळून साहेबांशी भांडणार होतो. आता कोण भांडणार? पंखा बंदच राहिला.

माझं भाषण माझ्यावरच घडत होतं, आणि त्यातली एक बंदूक मीच हातात घेतली होती.

घरी बायको विचारायची, "रईसभाई काहून येऊन नाही राहिले? भांडले का तुम्ही?"

मी म्हणायचो, त्याची शिफ्ट बदलली.

पुढच्या पंधरवड्याला मी पुन्हा नाव दिलं. विषय काय होता, आठवत नाही. साहेब पहिल्या रांगेत. रईस अगदी मागे, दाराजवळ. मी माईक धरला.

"साहब, पिछले साल मैंने यहाँ झूठ बोला. आपको जो चाहिए था, वही बोला."

"विषय पर बोलो, नहीं तो बैठ जाओ."

"यही विषय है, साहब. और आज नहीं बैठूँगा."

कोणी हसलं नाही. रईसने टाळी वाजवली नाही. वाजवावी अशी माझी अपेक्षाही नव्हती. मी साहेबांच्या डोक्यावरून दाराकडे पाहिलं.

"रईसभाई, भाषण मेरा था. डर भी मेरा था. सज़ा तुम्हें दिलवा दी. माफ करना."