एकोणिसावं पोर

शाळेच्या बसमध्ये मुलं मोजण्याचं काम मावशी सव्वीस वर्षं करत होती आणि या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पोर पायरीवर चढलं की ती त्याच्या डोक्यावर हात टेकवायची आणि मनात आकडा म्हणायची. उतरताना पुन्हा हात, पुन्हा आकडा. मध्ये कोणी भांडो, ओको, नाहीतर खिडकीतून दुसऱ्याचं दप्तर फेको, आकडा जागचा हलायचा नाही. शेवटचं पोर शाळेच्या फाटकात शिरलं की ती बसमध्ये परत चढायची, वाकून प्रत्येक बाकाखाली बघत सगळ्यात मागच्या बाकापर्यंत जायची, तो बाक हाताने थोपटायची आणि तिथूनच ओरडायची, "रिकामी." ते ऐकल्याशिवाय ड्रायव्हर गिअर टाकत नसे. एकदा तिचा घसा बसला होता तेव्हा तिने मागून डबा वाजवून कळवलं होतं. डबा वाजला म्हणजे नक्की काय समजायचं याचा विचार करत ड्रायव्हर सात मिनिटं स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होता.

ही सवय पुढे तिच्या हाडीमाशी इतकी खिळली की दवाखान्यात नंबर लावून बसली तरी ती समोरच्या बाकावरची माणसं मोजायची, आणि त्यातलं कोणी न सांगता उठून गेलं की तिचा जीव खालीवर व्हायचा. डॉक्टरांनी एकदा तिचा रक्तदाब वाढलेला बघून कारण विचारलं, तर म्हणाली, "बाहेर सहा होते, आता पाचच आहेत."

घरी मात्र मोजायला फारसं काही नव्हतं. ती, मुलगी आणि जावई, एवढाच कारभार. जावई वजनकाटे तपासणाऱ्या कचेरीत होता. दिवसभर दुकानदारांच्या काट्यांतली खोट काढायची आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलाच्या निम्म्या भागावर कादंबरी लिहायची, हा त्याचा चार वर्षांचा क्रम. उरलेल्या निम्म्या भागावर तिघं कोपर सांभाळत जेवायची.

कादंबरी अंतराळातली होती. एका मोठ्या युद्धात आईबाप आपली एकोणीस पोरं एका जुन्या युद्धनौकेत लपवून ठेवतात. मग युद्ध संपतं, त्या नौकेची नोंद असलेला कागद कुठल्याशा कपाटामागे पडतो, आणि एका विझलेल्या ग्रहाच्या आडोशाला उभी असलेली ती नौका पोरांसकट सगळ्यांच्या विस्मरणात जाते. पोरं आपलं आपण रांधतात, तोफा पुसतात, झोपायच्या जागेवरून एकमेकांच्या झिंज्या उपटतात. शेवटी एक धाडसी कप्तानबाई त्यांना शोधून काढते, आपल्या यानात घेते, आणि बाविसाव्या प्रकरणात ती युद्धनौका फुटते. हे फुटणं सलग अकरा पानं चालायचं. जावयाचा त्या अकरा पानांवर फार जीव. ती त्याने कचेरीत वाचून दाखवली होती, सलूनमध्ये अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकांना वाचून दाखवली होती, आणि दोन्ही ठिकाणी एकही माणूस मधून उठून गेला नव्हता, हे तो अभिमानाने सांगायचा.

प्रकाशक मिळाला. छपाई शुक्रवारी सुरू व्हायची होती. त्याआधी एखाद्या साध्या वाचकाला वाचायला द्या, असं प्रकाशक म्हणाला. जावयाने घरात नजर फिरवली, तर साधा वाचक पुढ्यात ताट घेऊन लसूण सोलत बसला होता. मावशीने आयुष्यात वाचलेलं शेवटचं जाड पुस्तक बसच्या विम्याचं होतं, आणि तेही निम्मंच. पण जावयाने दिलेलं खाली कसं ठेवायचं? सकाळची फेरी संपवून दुपारच्या फेरीपर्यंत बस झाडाखाली उभी असायची, तेवढ्या वेळात तिने ओळीवर बोट ठेवून आठ दिवसांत सगळं वाचलं. ड्रायव्हर पुढच्या सीटवर आडवा होऊन ऐकायचा. "इतकी वर्षं उभी होती तर बॅटरी कशी राहिली?" एवढीच शंका त्याने काढली.

सोमवारी संध्याकाळी ती घरी आली ती चपला न काढताच टेबलापाशी उभी राहिली.

"कशी वाटली, आई?" जावयाने विचारलं. स्तुती ऐकायला त्याने चेहरा आधीच तयार करून ठेवला होता.

"एक पोर राहिलंय," मावशी म्हणाली.

"कुठे?"

"नौकेत. तिसऱ्या प्रकरणात एकोणीस आहेत. एकविसाव्यात कप्तानबाईच्या यानात चढतात ती अठरा. मी तीनदा मोजली."

जावई हसला. मग पानं चाळायला लागला. मग हसायचा थांबला. मागच्या तोफेत झोपणारं, कोणाशी न बोलणारं, दिवसभर तोफांच्या चाकांना तेल देत फिरणारं एक पोर तिसऱ्या प्रकरणात होतं, पाचव्यात होतं, नवव्यात त्याने एकदा शिंक दिली होती, आणि त्यानंतर ते कुठेच नव्हतं. बाकीच्या अठरांना बोलायला वाक्यं होती. याला एकही नव्हतं, त्यामुळे ते निसटलं ते लिहिणाऱ्यालाच कळलं नाही.

"म्हणजे बाविसाव्यात..." मुलगी म्हणाली.

"अकरा पानं," मावशी म्हणाली. "अकरा पानं फुटतेय ती, आणि पोर आत."

जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. माणूस मुळात मवाळ. घरात झुरळ निघालं तर त्याला वाटीखाली झाकून बाहेर नेऊन सोडणारा. सलूनमध्ये ज्या पानांवर आपण वाहवा घेतली त्यात आपण एक लेकरू जाळलं, हे त्याला सहन होईना. पण शेवटी तोही लेखकच. दहा मिनिटांत त्याने वाट काढली.

"सोपं आहे. तिसऱ्या प्रकरणात अठरा करतो. ते पोर काढूनच टाकतो. शिंक दुसऱ्याला देतो."

मावशीने विचारलं, "म्हणजे बसमध्ये पोर राहिलं, तर मी हजेरीतून त्याचं नाव खोडायचं आणि घरी जायचं?"

"आई, ते खरं पोर नाही."

"मी त्याला नऊ प्रकरणं ओळखते," ती म्हणाली आणि आत गेली. त्या रात्री जेवताना ती जावयाशी एक शब्द बोलली नाही. मीठ हवं होतं तेही मुलीमार्फत मागवलं.

मंगळवारी जावयाने प्रकाशकाला फोन केला. प्रकाशक म्हणाला, अठरा करा, कोण मोजतंय. आणि स्फोटाला हात लावू नका, कारण मुखपृष्ठ छापून झालंय आणि त्यावर स्फोटच आहे. आता नौका फुटायलाच हवी होती आणि पोर बाहेर यायलाच हवं होतं, आणि मधे होते तीन दिवस. जावयाला कादंबरीपेक्षा सासूचीच जास्त धास्ती होती, हेही सांगून टाकायला हरकत नाही.

त्याने पोराला एका छोट्या होडीत बसवून स्वतःचं स्वतः पळवलं. मावशीने अबोला मोडून विचारलं, "एकटं? अंधारात? कोणाच्या परवानगीने?" ते फाडलं. मग त्याने कप्तानबाईला परत आत पाठवलं. मावशी म्हणाली, "ड्रायव्हरने जागा सोडायची नसते. अठरा पोरं बसलीत मागे." तेही फाडलं. वजनकाट्यांच्या कचेरीत त्याने आजवर कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं. इथे त्याने हात टेकले.

"मग जाणार कोण?" तो म्हणाला.

 उत्तर दिलं ते मावशीच्या मुलीने, आणि तेही सरळ नव्हे. "उद्या रजा घे आणि तिच्या बसमध्ये बसून बघ," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी तिच्याकडून एक राहिलं होतं. बाकाखाली झोपलेलं. पाऊण तासाने हिला आठवलं तेव्हा ड्रायव्हरची बिस्किटं संपवून, त्याची टोपी घालून बसलं होतं. त्याला काही झालं नाही. ही मात्र महिनाभर झोपेतून उठून बसायची. तेव्हापासून मागपर्यंत चालत जाते."

बुधवारी जावई बसमध्ये बसला. मावशीने त्याच्याही डोक्यावर हात टेकवला, कारण पायरीवरून चढणाऱ्याला सूट नव्हती. शेजारच्या मुलीने त्याला कितवीत आहेस म्हणून विचारलं. बस शाळेपाशी थांबली. दंगा करणारी पोरं धक्काबुक्की करत आधी उतरली, शहाणी त्यांच्या मागून, आणि एक हडकुळं पोर खिडकीच्या काचेवर नाक टेकवून बसलंच होतं. मावशीने त्याला हाक मारली नाही. त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि त्याचं बघणं संपेपर्यंत थांबली.

"आरडाओरडा करणारी आपली आपण उतरतात," ती नंतर जावयाला म्हणाली. "मोजायचं ते यांच्यासाठी."

जावयाच्या डोक्यात उजेड पडला. उरलेला दिवस तो टेबलावरून हलला नाही. त्या दिवशी टेबलाचा सगळा भाग त्याने व्यापला आणि बाकीच्या दोघी उभ्याने जेवल्या.

गुरुवारी संध्याकाळी त्याने नवी चार पानं स्वयंपाकघरात वाचून दाखवली. कप्तानबाईच्या यानात आता एक पोक्त मावशी होती. नौका फुटायला अकरा मिनिटं उरली असताना ती मोजते, अठरा भरतात, आणि ती दार लावू देत नाही. कप्तानबाई ओरडते. मावशी म्हणते, "आवाज चढवू नका, मुलं घाबरतात," आणि रमतगमत युद्धनौकेत शिरते. प्रत्येक खाटेखाली वाकून बघते. दारूगोळ्याच्या खोलीत कोणाचा तरी मोजा सापडतो तो घडी घालून खिशात ठेवते. वर पत्रे तडकायला लागलेले, आणि हिची चाल तीच. शेवटी सगळ्यात मागच्या तोफेत ते पोर सापडतं, तेलाचा डबा मांडीवर घेऊन बसलेलं. ती त्याचं तेल देऊन होईपर्यंत थांबते, त्याला दारापर्यंत आणते, यानात पुढे करते, डोक्यावर हात टेकवते आणि म्हणते, "एकोणीस." दार लागतं. मग अकरा पानं स्फोट.

मावशी डोळे मिटून ऐकत होती. मांडीवर तिची बोटं हलत होती. "एकोणीस. बरोबर," ती म्हणाली आणि डोळे पुसले. "आता फुटू दे. चांगली फुटलीय हो, जावईबापू." चार वर्षांत जावयाला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. त्याने कागद गोळा करायला घेतले.

"आणि मावशी?" मुलीने गॅसजवळून विचारलं.

"कुठली?" दोघांनी एकदमच विचारलं.

"ती आत गेली. पोराला दारातून पुढे केलं. दार लागलं. ती कधी चढली?"

जावयाने पान उलटलं, परत मागे आला, ओळ न ओळ बोटाने तपासली. मावशी कुठेही चढली नव्हती.

"अगं, तिचं काय एवढं," मावशी म्हणाली. "चढली असेल की मागून. मावशीला कोण मोजतंय?"

तिच्या बोलण्यात रुसवा नव्हता. सव्वीस वर्षांत आकडा नेहमी मुलांचाच असायचा, त्यात तिने स्वतःला कधी धरलंच नव्हतं.

मुलीने गॅस बंद केला आणि समोरची खुर्ची ओढून बसली. "मी मोजायचे," ती म्हणाली. "तुझी बस नवीन होती तेव्हा. रोज साडेपाचला स्टुलावर चढून खिडकीत. एकपर्यंतच मोजायचं असायचं. तू कोपऱ्यावर दिसलीस की मग मी शाळेचे बूट काढायचे."

 हे मावशीला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. "मला बोलायचंस ना तेव्हा," ती म्हणाली. "मी लवकर आले असते." बस लवकर सुटली नसती, हे तिघांनाही ठाऊक होतं.

जावयाने पेनाचं टोपण काढलं. "आई, यानात चढताना आधी कोणता पाय टाकू?"

"डावा," मावशी म्हणाली. "उजवा गुडघा दुखतो माझा."