केक फुगला हो!

ऐका, पण आधी हातातले कप खाली ठेवा. हसताना चहा सांडला तर साडीचा डाग माझ्या माथी नको!

लग्नानंतरचा माझा पहिला नाताळ. सासर काष्टी गावचं. आठवडाभर घरात करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या. माझ्या नवऱ्याच्या रूथ आत्या पहाटेपासून कढईपाशी उभ्या. आणि मी नगरची, मोबाईलवर झटपट गोडाचे व्हिडिओ बघून शहाणी झालेली!

म्हटलं, "आत्या, कशाला एवढे कष्ट? बेकरीतला साधा केक आणायचा, आडवा कापायचा, मधे तयार क्रीम. दहा मिनिटांत काम फत्ते!"

आत्यांचा झारा हवेतच थांबला. "धा मिन्टात? मंग हुंदे की! चर्चचे पाळकसाहेब आन् पाळकीणबाई च्यार वाजता येनार हायेत. तुझाच केक ठिवू त्यांच्या म्होरं."

आता माघार कशी घेणार, सांगा!

नाताळच्या दिवशी चर्चहून आले, फ्रीजमधली पांढरी पिशवी काढली, कोपरा कापला आणि केकच्या थरांत सढळ हातानं ओतली. सर्दीनं नाक बंद. ना वास, ना चव. वरून टुटीफ्रुटी. फ्रीजमध्ये जागा नव्हती, म्हणून केक शेगडीशेजारी पातेल्याखाली झाकून ठेवला.

पावणेचारला पातेलं उचललं, तर केक मोठा झालेला! थरांमधून क्रीम बाहेर आलेलं, वर बुडबुडे. सासरे चष्मा लावून आले. शेजारणी आल्या.

"अगं बया, लई फुगलाय की! आपोआप?" एकीनं विचारलं.

आणि मी काय म्हणावं? "क्रीम ताजं असलं की फुगतंच!" खरंच असं म्हणाले हो मी!

आत्यांनी बोट बुडवलं, चाटलं, माझ्याकडे बघितलं. "पोरी, ह्ये तर इडलीचं पीठ हाय."

नवऱ्यानं दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्याला पीठ आणलेलं. क्रीमच्याच डेअरीचं, तसल्याच पिशवीत! क्रीम बिचारं फ्रीजमध्ये गारठत पडलेलं.

तेवढ्यात दारात पाळकसाहेबांची मोटारसायकल! मला रडूच फुटलं.

आत्यांनी मात्र मला बाजूला सारलं. पदर खोचला. अख्खा केक परातीत कुस्करला. उरलेलं पीठ ओतलं, गूळ किसला, दोन केळी चुरली, वेलदोडा ठेचला. आप्पेपात्र गॅसवर चढलं. अहो, काय ते हात! एक बघावा तर दुसरा कुठं गेला कळेना. मी रडायचं विसरले, तोंड उघडं टाकून बघतच राहिले. बाहेर पाळकसाहेबांचं पाणी पिऊन होतंय तोवर सोनेरी गोल आप्पे बशीत, वर क्रीमचा गोळा!

पाळकसाहेबांनी एक खाल्ला आणि डोळेच मिटले. "हे काय आहे? असं काही मी आजवर खाल्लेलं नाही!"

"आमच्या सूनबाईचं झटपट गोड हाय," आत्या शांतपणे म्हणाल्या.

पाळकीणबाईंनी माझा हातच धरला. "पुढच्या बैठकीत आमच्या महिला मंडळाला शिकवायचं हं!"

शिकवायचं? मला?

नाही म्हणायची सोय होती का? गेले. समोर तीसेक बाया, मांडीवर वह्या, पेनं उघडलेली. माझ्यापुढं रिकामी परात.

पहिल्या रांगेतली एक म्हणाली, "सांगा ताई. सगळ्यात आधी काय करायचं?"

"सगळ्यात आधी," मी म्हटलं, "रूथ आत्यांना हाक मारायची."

आणि त्या बायांनी ते लिहून घेतलं हो!